पुढच्या चाकाचे दोन पाय

मोटरसायकल घरात आली की तिच्या कोणकोणत्या अंगांची काळजी घ्यावी, हे आमच्या खेड्यांतील लोकांस फारसे शिकवावे लागत नाही. साखळी सैल झाली की खडखडते, टायर गुळगुळीत झाला की डोळ्यांस दिसतो, इंजिनचे तेल काळे पडले की पोरे आपण होऊन बदलून आणतात. परंतु पुढच्या चाकास दोन्ही बाजूंनी धरून उभे असलेले जे दोन पाय, त्यांच्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. रविवारी चर्चच्या आवारात लागलेल्या गाड्यांच्या रांगेवरून आम्ही सहज नजर टाकतो, तेव्हा त्या पायांच्या चकचकीत नळीवर तेलाचे काळपट कडे उमटलेली एखादी तरी गाडी हटकून सापडते. मालकास विचारावे, तर तो हसून म्हणतो, "होय फादर, थोडं गळतंय. पुसून काढतो." या पुसून काढण्याविषयीच आम्हांस आज थोडे लिहावयाचे आहे.

सायकलच्या पुढच्या चाकास धरणारा जो सांगाडा, त्यास आपण चिमटा म्हणतो. मोटरसायकलीचाही तो चिमटाच होय. पुस्तकात त्यास फोर्क म्हणतात आणि मिस्त्री लोक 'पुढचे शॉकअप' म्हणतात. सायकलचा चिमटा ताठ असतो, म्हणून रस्त्यातील प्रत्येक दगड मनगटांस कळतो. मोटरसायकलीचे पाय मात्र दोन-दोन नळ्यांचे असतात. वरची नळी पोलादाची असून तिच्यावर क्रोमचा मुलामा असतो; खालची जाड व बहुधा ॲल्युमिनियमची असते; आणि चाक खड्ड्यात गेले वा दगडावर चढले की वरची नळी खालचीच्या पोटात सरकते. आत एक लांब स्प्रिंग असते आणि पेलाभर तेल असते.

हे तेल तेथे कशासाठी, असा प्रश्न आम्हांस पुष्कळांनी केला आहे. इंजिनात तेल असते ते झीज होऊ नये म्हणून, हे सर्वांस ठाऊक. म्हणून चिमट्यातील तेलाचेही तेवढेच काम असावे, अशी समजूत असते. वस्तुतः त्याचे मुख्य काम निराळे आहे. नुसती स्प्रिंग दाबून सोडली तर ती एकदा वर येऊन थांबत नाही, चारपाच वेळा नाचते. गाडी अशी नाचू लागली तर चाक जमिनीवर टेकलेले कमी आणि हवेत जास्त असे व्हावयाचे. म्हणून पायाच्या आत एक पोकळ दांडी बसवून तिला बारीक भोके ठेवलेली असतात. पाय दबला वा उघडला की तेलास त्या भोकांतून वाट काढावी लागते. होळीच्या पिचकारीचा दट्ट्या हळू दाबला तर सहज जातो, जोराने दाबला तर अडतो. तसेच हे आहे. धक्का जितका वेगाचा, तितका तेलाचा अडथळा मोठा. तेल कमी झाले किंवा जुने होऊन पाण्यासारखे पातळ झाले, की हा अडथळा नाहीसा होतो, ब्रेक दाबताच गाडीचे नाक जमिनीकडे झुकते आणि खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटल्याचा 'खट्' असा आवाज येतो.

ही युक्ती फार जुनी नव्हे. इंग्लंडात आल्फ्रेड अँगस स्कॉट याने १९०८ च्या सुमारास काढलेल्या गाड्यांस नळीत सरकणारा चिमटा होता, परंतु धक्का शमविण्याची तेलाची सोय त्यात नव्हती. तेलाने शमविलेला नळीचा चिमटा सर्रास विक्रीच्या गाडीवर प्रथम आणला तो जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने, १९३५ साली, आपल्या आर-१२ व आर-१७ या गाड्यांवर. पुढे तोच प्रकार जगभर पसरला. आपल्याकडे मद्रासेस १९५५ नंतर निघू लागलेली बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडलेली जावा आणि तिचीच पुढे झालेली येझदी, या सर्वांचे पुढचे पाय याच जातीचे. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी येझदी अजून आमच्या भागातील कित्येक घरांच्या पडवीत उभी आहे.

आता ज्यासाठी हा लेख, त्या वस्तूकडे वळू. वरची नळी खालचीत सरकते, तेथे फट राहणारच. आणि फट आहे तेथून तेल वर येणारच. ते अडविण्यासाठी खालच्या नळीच्या तोंडाशी एक रबरी कडे बसविलेले असते. त्याच्या पाठीशी पत्र्याचे कवच असते आणि आतील पातळ ओठाभोवती केसासारख्या तारेची एक गोल स्प्रिंग असते, जी तो ओठ क्रोमच्या नळीवर सतत आवळून धरते. हेच ऑईल सील. त्याच्या वर धूळ अडविणारे दुसरे कडे, ते डस्ट सील. (सेमिनरीत लॅटिन शिकताना 'सिगिल्लुम' हा शब्द आम्ही घोकला होता. त्याचा अर्थ लहानशी खूण, मोहोर. लाखेची मोहोर आणि गॅरेजातील सील ही एकाच शब्दाची लेकरे आहेत, हे आम्हांस बऱ्याच उशिरा, हात तेलाने बरबटलेले असताना सुचले.) बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक यंत्रांच्या कारखान्यांत आमच्या भागातील पुष्कळ मुले कामास आहेत. त्यांस हे सांगावयास नको. क्रोमचा दांडा, रबरी ओठ आणि त्यांमधील तेल हाच त्यांच्या रोजच्या भाकरीचा व्यवहार आहे.

सील फुटते कशाने? रबर म्हातारे होते, हे एक कारण. परंतु आमच्या मुलखात तेवढी वाट पाहावी लागत नाही. जांबोटीपासून कणकुंबीपर्यंतचा रस्ता पावसाळ्यात जो तांबडा चिखल उडवितो, तो क्रोमच्या नळीवर बसतो, उन्हाने वाळतो आणि कानशीसारखा टणक होतो. दुसऱ्या दिवशी गाडी हलली की तीच कानस सीलच्या ओठावरून वरखाली फिरते. पुढच्या वाहनाच्या चाकाखालून उडालेला खडा क्रोमवर बसला तर एक बारीक खळगा पडतो, खळग्यात पाणी शिरून गंज धरतो, आणि मग त्याची धार प्रत्येक हेलकाव्यास ओठ कापीत राहते. जुन्या गाड्यांच्या पायांवर पत्र्याची आवरणे किंवा रबरी घड्यांचे बूट असत. पुढे चमकणारी उघडी नळी दाखविण्याची हौस आली आणि ती आवरणे गेली. काही लांब पल्ल्याच्या गाड्यांवर रबरी बूट पुन्हा आले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे; मात्र त्या बुटाच्या आत चिखल साचू दिला तर तो नसलेला बरा.

येथपर्यंत कोणाचे दुमत नसावे. दुमत होते ते पुढे, आणि ते वडीलधाऱ्यांशी होते. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही चाळीस वर्षे गळक्या पायांवर गाड्या चालविल्या, काही झाले नाही. हे म्हणणे खोटे नाही. त्यांच्या गाड्यांस ड्रमचे ब्रेक होते. ब्रेकचे लायनर चाकाच्या मध्यभागी, झाकणाच्या आत, बंद डब्यात ठेवावे तसे असत. पायावरून ओघळलेले तेल त्या डब्याच्या बाहेरूनच खाली जाई. पँट मळे, मडगार्ड मळे, यापलीकडे सहसा काही होत नसे. आजच्या गाडीस डिस्क ब्रेक असतो. पोलादाची उघडी तबकडी चाकाबरोबर फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड ज्या कॅलिपरमध्ये असतात, तो कॅलिपर नेमका पायाच्या खालच्या नळीवर बसविलेला असतो. म्हणजे सीलमधून निघालेला थेंब सरळ खाली उतरला तर तो पॅडवर आणि तबकडीवरच पडावयाचा. तेलाचा थेंब तोच, पाय तोच. परंतु वडिलांच्या गाडीवर जी केवळ घाण होती, ती मुलाच्या गाडीवर ब्रेक नाहीसा करणारी वस्तू झाली आहे. वडिलांचा अनुभव खरा असूनही मुलास तो लागू पडत नाही, तो यासाठी.

आणि पुढचा ब्रेक म्हणजे काही किरकोळ गोष्ट नव्हे. गाडी थांबू लागली की सारा भार पुढच्या चाकावर येतो, उतारावर तर अधिकच. म्हणून थांबविण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. काही तरुण म्हणतात, आमच्या गाडीस ए. बी. एस. आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी. वरील सर्व नव्या दुचाक्यांस ते सक्तीचे झाले आणि ते योग्यच झाले. परंतु ए. बी. एस. चाक अडकून घसरू देत नाही, एवढेच त्याचे काम. पॅड आणि तबकडी यांमध्ये तेल असेल तर तेथे घर्षणच नाही. नसलेले घर्षण ते कोठून आणणार?

हे सारे लिहावयास कारण झाले ते आमच्या गावातील एका कुटुंबाचे. मुलगा गोव्यात वीजकामावर असतो. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे चोर्ला घाटाने परत जातो. त्याने जुनी परंतु चांगली अशी लांब पल्ल्याची मोटरसायकल घेतलेली आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिचा डिस्ककडील पाय गळू लागला. त्याने शहरातील एका गॅरेजात त्या एका पायाचे सील बदलून घेतले. तीन महिन्यांत तोच पाय पुन्हा गळू लागला. त्या सोमवारी तो बायकोस व चार वर्षांच्या मुलीस बरोबर घेऊन जाणार होता, कारण तेथे खोली मिळाली होती. मागे सामानाची पेटी, मध्ये मूल, आणि चोर्ल्याचा उतार. तो शुक्रवारी रात्रीच आला होता, म्हणून शनिवारी सकाळी गाडी दाखवावयास आमच्याकडे आला. आमची गाडीही त्याच जातीची असल्याने सीलची जोडी व तेलाचा डबा आमच्या कपाटात नेहमी असतो, हे त्यास ठाऊक होते.

लगेच पाना हाती घेण्यापूर्वी एक साधा उपाय करून पाहावा लागतो. पुष्कळदा सील फाटलेले नसते, ओठाखाली वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. डस्ट सील वर सरकवावे, जुन्या एक्स-रेच्या फिल्मची बोटभर रुंद पट्टी घ्यावी, तिच्या टोकास लहानसा आकडा कापावा आणि ती नळीला लागून ओठाखाली सरकवून सभोवार फिरवावी. कण बाहेर येतो. कित्येक गाड्या एवढ्याने बऱ्या होतात. आम्ही तसे केले, नळी पुसून कोरडी केली आणि तो जांबोटीपर्यंत जाऊन आला. कडे पुन्हा उमटले होते. मग उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मुलाचे वडीलही येऊन बसले होते. येझदी चालविलेला माणूस. त्यांस हा सारा खटाटोप वाटला. "फादर, एवढं तेल आमच्या गाडीचं रोज गळायचं. फडकं मारायचं नि निघायचं," असे ते दोनदा म्हणाले. आम्ही वाद केला नाही. गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी केले. चाक काढण्यापूर्वी दोन गोष्टी सैल करून ठेवाव्या लागतात: वरची टोपणे, आणि जागा असेल तर खालच्या टोकाचे एलनचे बोल्ट. पाय गाडीत घट्ट धरलेले असतात तोवरच ही ताकद लावणे सोपे जाते. कॅलिपर सोडविला तो तारेने सांगाड्यास टांगला. त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत सोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत, ते करू नये. मग चाक, मडगार्ड आणि शेवटी दोन्ही पाय खाली ओढून घेतले.

दोन्ही, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. गळत होता एकच. परंतु एका पायात नवे तेल आणि दुसऱ्यात जुने, असे झाले तर एक पाय अडतो आणि दुसरा अडत नाही, आणि गाडी वळणावर अशी काही वागते की चालविणाऱ्यास आपलेच चुकले असे वाटते. सीलही दोन्ही एकाच दिवशी बसलेली असतात. एक गेले तर दुसऱ्याची पाळी दूर नसते.

वरचे टोपण उघडताना स्प्रिंग ते वर लोटीत असते. तोंड त्यावर धरू नये, तळहाताने दाबून हळू सोडावे. तेल ओतले तेव्हा ते करड्या रंगाचे, चिखलाच्या पाण्यासारखे निघाले आणि त्याला कुजकट वास होता. गळक्या पायातून जे निघाले ते दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी होते. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तेव्हा वडील प्रथमच गप्प झाले.

त्याच पायाचा खालचा बोल्ट मात्र फिरू लागला. फिरतो पण सुटत नाही, कारण आतील पोकळ दांडी त्याच्याबरोबर फिरते. अशा वेळी लोक दांडीची नासाडी करतात. येथे उपाय सांगितला तो वडिलांनीच. ते उठून गेले, जांभळीची एक जाड ओली काठी कोयत्याने टोकाशी तासून घेऊन आले, ती नळीतून आत घालून दांडीच्या तोंडात ठोकली आणि म्हणाले, "आता फिरवा." बोल्ट सुटला. ही विद्या त्यांनी कोठे संपादिली ते त्यांनी सांगितले नाही.

मग डस्ट सील, त्याखालील तारेचे लॉक, आणि मग सील. ज्या पायांत बुश असते, त्यांत सील उपसण्यास पेचकस घालून ओरबाडावे लागत नाही. दोन नळ्या दोन हातांत धरून झटक्याने ओढाव्या, पाचसहा झटक्यांत बुश सीलला बाहेर ढकलते. पेचकसाने ॲल्युमिनियमच्या कडेवर पडलेला ओरखडा नव्या सीलच्या बाहेरून तेलास वाट देतो.

सील पुन्हा का गेले होते, ते येथे कळले. डिझेलने धुऊन पुसलेल्या नळीवर आम्ही नख फिरविले. मध्यावर, सील जेथे सतत सरकते नेमके तेथे, तीळभर खळगा होता. डोळ्यांस जेमतेम दिसे, पण नखास अडे. मागील वेळी नवे सील त्याच धारेवर बसवून दिले गेले होते. खळगा वर, जेथवर सील कधी पोहोचत नाही, तेथे असता तर त्याची फिकीर नव्हती. अत्यंत बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून खळग्याची धार आम्ही उतरविली. पेपर नळीभोवती आडवा फिरवावा, उभा कधीही नाही, कारण उभे ओरखडे म्हणजे तेलास चढावयास शिड्या. खळग्यात दोन नळ्यांचे मिसळावयाचे डिंकासारखे चिकट भरले, ते वाळेपर्यंत दीड-दोन तास गेले, मग तेही घासून सपाट केले. नख अडेनासे झाले. नळी वाकलेली नाही ना, हे टेबलाच्या काचेवर ती लोळवून पाहिले; खाली उजेडाची फट दिसली नाही. या दोन तासांसाठीच कोणत्याही गॅरेजास सवड नसते, आणि त्यांस सर्वस्वी दोषही देता येत नाही. गिऱ्हाईक बाकावर बसून घड्याळ पाहत असते.

नवे सील नळीवर चढविताना नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी ताणून घ्यावी व ती तेलाने ओली करावी, म्हणजे ओठ कापत नाही. ते आत ठोकण्यास नळाच्या पाइपाचा योग्य मापाचा तुकडा चालतो. मध्ये जुने सील उलटे ठेवले की घाव नव्यावर पडत नाही. सभोवार सारखे ठोकावे, आणि लॉकची खाच पूर्ण उघडी दिसेपर्यंत ठोकावे. लॉक खाचेत बसल्याचा लहानसा आवाज येतो. तळाच्या बोल्टास तांब्याचा नवा वायसर द्यावा. जुनाच घातला तर खालून थेंब टपकू लागतो आणि सील पुन्हा गेले असा व्यर्थ संशय येतो.

तेलाच्या बाबतीत आमच्या लोकांची उदारता आड येते. चार थेंब जास्त असले तर बरे, असे त्यांस वाटते. चिमट्यात तसे नसते. तेलाच्या वर हवेची जागा मोजून ठेवलेली असते. पाय दबला की ती हवाही दबते आणि स्प्रिंगसारखे काम करते. तेल जास्त झाले की हवेस जागा कमी, दाब जास्त, आणि तो दाब प्रथम कोणास शोधील तर त्या रबरी ओठास. म्हणून स्प्रिंग बाहेर ठेवून, पाय पूर्ण दाबून, नळीच्या काठापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. ते किती असावे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मोजण्यापूर्वी नळी दहाबारा वेळा सावकाश वरखाली करावी, म्हणजे दांडीत अडकलेली हवा निघते. दोन्ही पायांत पातळी एकच हवी. तेलाच्या डब्यावर १० किंवा १५ असा आकडा आणि पुढे डब्ल्यू हे अक्षर असते. परंतु दोन निरनिराळ्या कंपन्यांचे दहा म्हणजे एकच जाडी असे समजू नये, त्यांत बराच फरक पडतो. दोन डब्यांची भेसळ म्हणून टाळावी.

संध्याकाळ झाली होती. पाय बसले, चाक बसले. आसाच्या टोकाचा पकड-बोल्ट आवळण्यापूर्वी पुढचा भाग पाचसहा वेळा दाबून सोडावा, म्हणजे दोन्ही पाय आपापली जागा घेतात. नाही तर ते एकमेकांशी ओढाताण करीत राहतात. राहिले होते फक्त पॅड, आणि खरा प्रश्न तेथेच उभा राहिला.

पॅड तेल प्यालेले होते. मुलगा म्हणाला, पेट्रोलने धुतो, पॉलिश पेपरवर घासतो, लागल्यास जाळून घेतो. पुष्कळ लोक असे करतात. वरचे तेल जाते, गाडी दोन दिवस बरी थांबते. परंतु पॅडच्या पोटात मुरलेले तेल उतारावर ब्रेक तापला की पुन्हा वर येते, म्हणजे नेमके जेव्हा ब्रेक हवा तेव्हा. नवे पॅड घालणे हाच उपाय, आणि त्या जातीचे पॅड त्या शनिवारी बेळगावात कोठे मिळेनात. मंगळवारी येतील असे कळले. सोमवारी कामावर न गेल्यास हजेरी बुडणार होती, ठेकेदार कुरकुरणार होता. "हळू जाईन फादर, मागचा ब्रेक आहे की," असे तो म्हणाला. आम्ही नाही म्हटले आणि कारणही सांगितले. परंतु गाडी त्याची, पोट त्याचे, आणि आमच्या नाही म्हणण्याने पगार भरून निघत नव्हता, हे आम्हांस दिसत होते.

त्याची पत्नी मुलीस घेऊन बोलावण्यास आली होती. तिने पॅड हातात घेतला, अंगठ्याने दाबला, अंगठा नाकाशी नेला. आम्हांस तिने काही विचारले नाही. नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, आपण बसनं जाऊया. गाडी राहू दे इथंच." सासऱ्यांकडे तिने पाहिले. येझदीवाले गृहस्थ थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "पहिली बस पकडा. स्टँडवर मी सोडतो." दोन फेऱ्यांत त्यांनी तिघांस व पेटीस आपल्या येझदीवरून सोडले.

मंगळवारी पॅड आले. पुढच्या शनिवारी मुलाने ते घातले. तबकडी आम्ही स्पिरिटने पुसून घेतली, कारण पेट्रोल स्वतःच थोडा तेलकट अंश मागे ठेवते. लिव्हर टणक लागेपर्यंत दाबून घेतला आणि पहिले काही मैल, पॅड तबकडीशी रुळेपर्यंत, त्याने हलके ब्रेक लावीत काढले. कणकुंबीपर्यंत जाऊन आल्यावर नळीवर कागदाची पट्टी फिरविली ती कोरडी निघाली. महिनाभर दर शनिवारी तशीच निघाली आहे. काढलेले तेल एका डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्या गॅरेजात दिले. ते विहिरीच्या किंवा ओढ्याच्या जवळ ओतणारे लोक अजून आहेत म्हणून हे लिहिले.

खळगा बुजविला असला तरी ती नळी आता निर्दोष नाही. पुढील मृगापूर्वी ती बदलावी किंवा तिच्यावर नव्याने हार्ड क्रोम करून घ्यावा, असे ठरले आहे. दोहोंचा खर्च विचारून येण्याचे काम मुलाने उद्यमबागेत असलेल्या मेहुण्याकडे सोपविले आहे. येझदीचे पाय मे महिन्यात उघडावयाचे आहेत. तिच्या सीलची मापे वडिलांनी आताच एका कागदावर लिहून आणून दिली.